पाऊल, घोटा आणि अंगदुखी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुडघा दुखला की गुडघ्याचा एक्स-रे, कंबर दुखली की कंबरेला पट्टा. पायांकडे पाहायचं मात्र राहून जातं. इंदूरच्या मराठी घरांतून याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. प्रश्न कोणत्याही क्रमाने वाचले तरी चालतील. ‘ताबडतोब डॉक्टरकडे कधी जावं’ हा प्रश्न तेवढा आधी वाचून घ्या.

दुखतो गुडघा, मग तपासताना पाऊल का बघतात?

एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. चालताना टाच जमिनीला टेकली की पाऊल किंचित आतल्या बाजूला झुकतं आणि कमान थोडी खाली येते. त्याबरोबर नडगीचं हाड आत वळतं, गुडघा त्याच्या मागे जातो आणि खुब्यात मांडीचं हाडही थोडं आत फिरतं. टाच उचलायची वेळ आली की हे सगळं उलट फिरतं आणि पाऊल ताठ होऊन शरीर पुढे ढकलतं. आत झुकणं हा दोष नाही, त्यानेच धक्का जिरतो. गडबड होते ती वेळेची. पाऊल उलट फिरायच्या वेळीही आतच झुकलेलं राहिलं, तर गुडघ्याची वाटी दर पावलाला जराशी तिरकी ओढली जाते.

७० किलोच्या माणसाच्या एका पायावर साध्या चालीतही दर पावलाला ८० किलोच्या आसपास भार येतो. धावताना वजनाच्या दोन ते तीन पट. दिवसाला सहा हजार पावलं चाललात, तर प्रत्येक पायावर हा भार तीन हजार वेळा येतो. त्यामुळे तिरकेपणा थोडा असला तरी त्याची बेरीज मोठी होते.

म्हणजे सगळी दुखणी पायातूनच येतात?

नाही. इंटरनेटवर असे दावे भरपूर आहेत. पावलापासून जितकं वर जाल तितका हा संबंध सैल होत जातो. नडगी, पोटरी आणि गुडघा यांच्याशी तो चांगलाच घट्ट आहे. खुबा आणि कंबर यांच्या बाबतीत पाऊल हे अनेक कारणांपैकी एक असतं, आणि बहुतेकदा मुख्य नसतं. मान, खांदा, डोकेदुखी यांच्याबद्दल भरवशाचा पुरावा जवळजवळ नाही. तळव्याखाली गादी घातली की मायग्रेन जातं असं कोणी सांगितलं, तर पाकीट खिशातच राहू द्या.

सगळ्यात पक्का दुवा आहे तो लंगडण्याचा. टाच किंवा घोटा दुखला की माणूस त्या पायावर कमी वेळ थांबतो, पाऊल आखूड टाकतो आणि धड एका बाजूला झुकवतो. दोन-तीन आठवडे असं चाललं की चांगल्या बाजूचा खुबा आणि कंबरेचे स्नायू कुरकुरू लागतात. म्हणून ‘आधी काय दुखलं?’ या प्रश्नाचं उत्तर आठवून ठेवा. टाच आधी आणि कंबर नंतर असा क्रम असेल, तर आधी टाचेचं बघायचं.

माझ्या दुखण्याचा पायाशी संबंध आहे का, हे घरी कसं बघायचं?

दहा मिनिटं आणि एक मोजपट्टी पुरते. दोन्ही पाय तपासा, कारण आकड्यापेक्षा दोन पायांतला फरक जास्त बोलका असतो.

घोटा: भिंतीसमोर अनवाणी उभे राहा. पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर ठेवा. टाच न उचलता, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत पुढे नेऊन भिंतीला टेकवा. टेकला तर ठीक. नाही टेकला तर पाऊल थोडं थोडं पुढे आणा आणि टाच खाली ठेवून गुडघा जेमतेम टेकतो ते अंतर मोजा. ७-८ सेंटिमीटरच्या खाली असेल किंवा दोन पायांत २ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर घोटा आखडलेला आहे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे कमान आत पाडून गुडघा टेकवणं. मग अंतर खोटं येतं.

पोटरी: भिंतीला फक्त बोटं टेकवून एका पायावर उभे राहा, गुडघा सरळ ठेवा आणि टाच पूर्ण वर-खाली करत मोजा. चाळिशीच्या आतल्या निरोगी माणसाला २० च्या पुढे जमायला हवं. साठीत १०-१२ झाले तरी हरकत नाही. एक बाजू २० आणि दुसरी ९, असं निघालं तर कमकुवत बाजू सापडली. पहिल्याच वेळी टाच उचलता आली नाही आणि घोट्याच्या आतल्या बाजूला दुखलं, तर सपाट पायांचं उत्तर पुढे आहे, ते नीट वाचा.

तोल: एका पायावर, डोळे उघडे ठेवून ३० सेकंद. शेजारी ओटा किंवा खुर्ची असू द्या.

अंगठा: खुर्चीवर बसून हाताने पायाचा अंगठा वर वाकवा. चालताना साधारण ६० अंश वाकावा लागतो.

शेवटी चपला उलट्या करून बघा. टाचेची मागची बाहेरची कड झिजणं स्वाभाविक आहे. टाचेची आतली कड जास्त झिजली असेल, किंवा एकाच पायाची चप्पल दुसरीपेक्षा खूप लवकर झिजत असेल, तर तिकडे लक्ष द्यायला हवं.

उकिडवं बसलं की टाचा वर येतात आणि गुडघे दुखतात. काय करावं?

आधी ताण कुठे येतो ते बघा. मागे, पोटरीत किंवा टाचेच्या वरच्या शिरेत ओढ लागत असेल, तर स्नायू आखडले आहेत. घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटल्यासारखं होत असेल, तर अडचण सांध्यात आहे. तिथे पोटरी ताणून काही मिळत नाही. जोर लावला तर चिमटा वाढतो. जुन्या मुरगळण्यानंतर हा प्रकार बऱ्याचदा राहतो आणि तो फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली सोडवलेला बरा.

पोटरीसाठी दोन ताण लागतात आणि लोक एकच करतात. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ ठेवून ३० सेकंद, असं तीनदा. हा वरच्या मोठ्या स्नायूचा. मग तसंच, पण मागचा गुडघा वाकवून, पुन्हा तीनदा. हा खालच्या स्नायूचा. उकिडवं बसायला आणि जिना उतरायला दुसराच जास्त कामाचा असतो. दोन्ही वेळा मागचं पाऊल सरळ पुढे हवं. ते बाहेर वळलं की ताण पोटरीतून निसटून कमानीवर येतो. आठवड्यातून पाच-सहा दिवस केलं तर सहा ते आठ आठवड्यांत फरक कळतो.

घोटा वाकत नसला की शरीर तेवढी वाक दुसरीकडून काढतं. टाच लवकर उचलली जाते, पाऊल बाहेर वळतं, किंवा बसताना कंबर जास्त वाकवावी लागते. राळामंडळची टेकडी चढताना काही न होता उतरताना गुडघ्याच्या वाटीजवळ दुखतं, त्यात बऱ्याचदा घोट्याचाही हात असतो.

पाय सपाट आहेत. उपचार करायलाच हवेत का?

दुखत नसेल तर नको. लाखो लोक सपाट पायांनी आयुष्यभर चालतात, पळतातही. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल आणि टाच आत वळत असेल, तर पाय लवचिक आहे. नुसता ओला ठसा पाहून आईवडील घाबरतात, पण लहान मुलांच्या तळव्याला चरबीची गादी असते आणि कमान साधारण सहा ते दहा वर्षांपर्यंत घडत राहते. मूल नेहमीसारखं खेळत असेल, तर महागडे बूट घेऊन देण्याची गरज नाही. ताठ सपाट पाय, एकाच बाजूचा सपाट पाय किंवा दुखणारा पाय असेल तर मात्र दाखवा.

मोठेपणी, विशेषतः चाळिशीनंतर, एकाच पायाची कमान नव्याने खाली बसणं ही वेगळीच गोष्ट आहे. घोट्याच्या आतल्या हाडामागून कमानीला धरून ठेवणारी एक कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी) जाते. ती झिजू लागली की तिथे दुखतं आणि सूज येते. मागून पाहिलं तर त्या पायाची बोटं दुसऱ्या पायापेक्षा जास्त दिसतात आणि एका पायावर टाच उचलता येत नाही. स्थूलपणा, मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांत हे जास्त दिसतं. सुरुवातीला आधार, इनसोल (बुटाच्या आत घालायचा तळ) आणि व्यायामावर भागतं. वर्ष-दोन वर्षं अंगावर काढलं तर पाय ताठ होतो आणि गोष्ट शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकते.

सकाळी पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा टोचल्यासारखं होतं. हे काय?

बहुतेक वेळा टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या तळव्याच्या जाड पडद्याचं दुखणं, म्हणजे प्लांटर फॅशिआयटिस. ओळख सोपी आहे: टाचेच्या खाली, थोडं आतल्या बाजूला दाबलं की दुखतं, सकाळी किंवा बराच वेळ बसून उठलं की पहिली पावलं जड जातात, चाललं की मोकळं होतं, दिवसाच्या शेवटी पुन्हा ठणकतं. कारणं सहसा एकत्र येतात: वाढलेलं वजन, आखडलेली पोटरी, दिवसभर कडक फरशीवर उभं राहणं, आणि चालणं अचानक वाढवणं. पीथमपूरच्या कारखान्यात काँक्रीटवर आठ तास उभे असणारे आणि कोटा फरशीवर अनवाणी स्वयंपाक करणाऱ्या बायका, दोघांचीही तक्रार अगदी एकसारखी असते.

एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं म्हणून घाबरू नका. ते वाढलेलं हाड टाच न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांतही सापडतं. दुखतं ते हाड टोचून नव्हे, त्यामुळे ते कापण्याची गरज सहसा पडत नाही.

घरी करायचं ते असं. अंथरुणातून उठण्यापूर्वीच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर ठेवा, हाताने बोटं नडगीच्या दिशेने मागे ओढा आणि १० सेकंद धरा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. बरोबर ओढलं असेल तर दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला तळव्यात ताणलेली दोरी लागते. ती लागत नसेल तर तुम्ही बोटं नुसती हलवताय.

पहिल्या दोन आठवड्यांनंतर ताकदीचा व्यायाम घ्या. पायरीच्या कडेवर चवडा, बोटांखाली गुंडाळलेला पंचा म्हणजे बोटं वर वाकलेली राहतात, आणि एका पायावर टाच उचलायची: तीन सेकंद वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंद खाली. सुरुवातीला १२ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सोपं झालं की पाठीवरच्या पिशवीत पुस्तकं घेऊन वजन वाढवा आणि वेळा १० आणि मग ८ वर आणा. एका पायावर जमत नसेल तर दोन्ही पायांवर सुरू करा. रोज करू नका, पडद्याला मधला दिवस लागतो.

टाचेखाली मऊ पण बसून न जाणारी गादी असलेली चप्पल घरातही घाला. गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली १० मिनिटं फिरवली तर बरं वाटतं; तो आराम आहे, उपचार नाही. मधुमेहाने पाय बधिर असतील तर बाटली फिरवूच नका.

स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे छान आराम देतं. वारंवार घेतलं तर टाचेची चरबीची गादी विरळ होण्याचा आणि पडदा फाटण्याचा धोका असतो. चालता येईनासं झालं आणि व्यायामाला सुरुवातच करता येत नसली, तर एखादं घ्यायला हरकत नाही. पण व्यायाम न करता नुसत्या इंजेक्शनांवर राहू नका. बहुतेक लोक शस्त्रक्रियेविना बरे होतात, पण त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. तीन आठवड्यांत उपाय बदलत राहणं हेच दुखणं लांबण्याचं मोठं कारण आहे.

घरात अनवाणी चालणं चांगलं की वाईट?

पाय निरोगी असतील तर चांगलं. बोटं मोकळी हलतात, पावलाचे छोटे स्नायू काम करतात. टाच दुखत असताना कोटा, संगमरवर किंवा टाइल्सवर तासन्‌तास अनवाणी उभं राहणं वाईट. देवघरात आणि स्वयंपाकघरात बाहेरची चप्पल चालत नाही, हे खरं. म्हणून एक जोड फक्त घरातलाच ठेवा, तो कधी उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरात तेही चालत नसेल, तर ओट्यासमोर जाड रबरी चटई घाला. मधुमेह्यांनी मात्र अनवाणी नकोच, घरातसुद्धा.

पाय मुरगळून सहा महिने झाले, सूजही गेली. तरी विश्वास वाटत नाही आणि आता खुबा दुखतो. का?

पाऊल आत वळून मुरगळलं की बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध (हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे) ताणले जातात किंवा फाटतात. त्यांच्यात नुसता धागा नसतो. पाऊल कुठे आहे हे मेंदूला कळवणारे चेतातंतूही असतात. सूज उतरली तरी ही खबर उशिरा पोचत राहते. म्हणून खड्ड्यात पाय पडला की तोल सावरायला घोट्याऐवजी खुबा धावतो. शिवाय माणूस नकळत त्या पायावर कमी वजन टाकू लागतो आणि खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू ढिले पडतात. हे चक्र फक्त व्यायामानेच तुटतं.

दिवसातून दोनदा, दात घासताना एका पायावर उभे राहा. सहज जमू लागलं की डोळे मिटून, कोपऱ्यात भिंतीजवळ. मग घडी केलेल्या जाड चादरीवर. त्यानंतर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाने पुढे, बाजूला, मागे जमिनीला हलकं टेकवायचं. याच्या जोडीला पोटरीचा टाच-उचल व्यायाम. सहा ते आठ आठवडे. खेळणाऱ्यांनी तोपर्यंत घोट्याला लेस असलेला आधार बांधावा; पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण त्याने खरोखर कमी होतं.

नुकताच मुरगळला असेल तर? एक्स-रे काढावाच लागतो?

प्रत्येक वेळी नाही. जगभर वापरले जाणारे ओटावाचे नियम असे आहेत. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाची मागची कड किंवा टोक (खालचे ६ सेंटिमीटर) दाबल्यावर हाडावरच दुखत असेल. पावलाच्या बाहेरच्या कडेचं मधलं उंचवटा आलेलं हाड किंवा आतल्या बाजूचं कमानीवरचं हाड दाबल्यावर दुखत असेल. किंवा मुरगळल्याबरोबर आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. यापैकी काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी असते. लहान मुलं, दारू प्यायलेला माणूस आणि पाय बधिर असलेला मधुमेही यांना मात्र हे नियम लावू नका.

पहिले दोन-तीन दिवस: पाय उशांवर छातीपेक्षा उंच, लवचिक पट्टी बोटांपासून वर गुंडाळलेली, कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं. शेक, चोळणं आणि ‘हाड बसवून देणारा’ या तिघांनाही तेव्हा दूर ठेवा. मुरगळण्यात काही निखळलेलं नसतं, मग बसवायचं काय? जमेल तेवढं वजन मात्र लवकर टाकायला लागा. आठवडाभर पलंगावर पडून राहिलात तर घोटा आखडतो, आणि मग वर सांगितलेली भिंतीची चाचणी महिनोन्‌महिने नापास होत राहते.

रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) स्लीपर घालून जाणं हा घोटा मुरगळण्याचा खात्रीचा मार्ग आहे. ओला रस्ता, गर्दीची ढकलाढकली, आणि पायाला कशानेच न धरलेली चप्पल. मागे पट्टा असलेले जुने सँडल घाला, रंगले तर रंगले.

पायाचा अंगठा वर वाकत नाही. त्याचा कंबरेशी काय संबंध?

पाऊल उचलताना शेवटचा जोर अंगठ्यावर येतो. तो सांधा झिजून ताठ झाला असेल, तर माणूस पावलाच्या बाहेरच्या कडेवरून सुटतो किंवा पाऊल आखूड करतो. मग मागचा पाय पुरेसा मागे जात नाही आणि खुबा सरळ होत नाही; तो फरक कंबरेच्या वाकेत निघतो. सगळ्या कंबरदुखीचं मूळ इथे नसतं, पण सांध्यावर उंचवटा, वरच्या बाजूला चपलेचा घट्टा आणि दीर्घ चालल्यावर त्याच बाजूला कंबर, अशी तिन्ही लक्षणं असतील तर तपासून घ्या. चवड्याखाली गोल उचललेला कडक तळ असलेल्या बुटाने अंगठ्याला वाकावं लागत नाही, चालणं लगेच सोपं होतं. मऊ, घडी घालता येणारा बूट इथे उलट काम करतो.

एक पाय आखूड आहे असं सांगितलं. टाचेखाली काही घालावं का?

१ सेंटिमीटरपर्यंतचा फरक पुष्कळ लोकांत असतो आणि बहुतेकांना तो कधी कळतही नाही. २ सेंटिमीटरच्या वर असेल आणि दुखत असेल, तर उंची द्यायला हरकत नाही. पूर्ण फरक एकदम भरून काढू नका. ३-५ मिलिमीटरने सुरुवात करा. टेबलावर झोपवून टाचा जुळवून मोजलेल्या फरकावर विश्वास ठेवू नका. आखडलेला खुबाही पाय आखूड दाखवतो.

तळव्यांची आग होते, मुंग्या येतात. हेही बुटांमुळे?

इथे दिशा बऱ्याचदा उलटी असते, दुखणं वरून खाली येतं. कंबरेच्या मणक्यांमधली चकती मज्जातंतूवर दाबत असेल तर नितंब, मांडीची मागची बाजू, पोटरी अशी रेघ धरून पायात चमक उतरते, सहसा एकाच बाजूला. दोन्ही तळवे, मोजे घातल्यासारखे, रात्री जास्त जळत असतील तर आधी मधुमेह आणि बी-१२ तपासा. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास सापडते, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ती आणखी वाढते. थायरॉइडही बघून घ्या. घोट्याच्या आतल्या हाडामागे टिचकी मारल्यावर तळव्यात झिणझिण्या जात असतील, तर तिथेच नस दाबली जात असू शकते.

काशाच्या वाटीने तळवे घासले की अनेकांना बरं वाटतं, करायला हरकत नाही; फक्त रक्ततपासणी त्यासाठी थांबवू नका. ज्यांना तळव्याला गरम-गार कळत नाही त्यांनी गरम पाण्याची पिशवी, शेगडी, मिठाच्या गरम पाण्याची बादली हे सगळं टाळावं. पाणी सोसतंय की नाही हे पायाने नव्हे, कोपराने बघायचं. मधुमेह्याचा पाय गरम, लाल आणि सुजलेला असेल पण फारसा दुखत नसेल, तर त्यावर चालणं त्याच क्षणी थांबवा. आतली हाडं खचत असू शकतात आणि दुखत नाही म्हणून तो माणूस चालत राहतो.

बूट-चपला घेताना नेमकं काय बघायचं?

संध्याकाळी जा, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात. उभं राहून, दोन्ही पायांत, नेहमीचे मोजे घालून बघा. सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी रुंद जागा हवी. बूट हातात घेऊन वाकवा: तो बोटांच्या सांध्याजवळ वाकायला हवा. मधोमध दुमडत असेल तर ठेवून द्या. टाचेची मागची भिंत चिमटीत दाबा, ती सहज दबू नये. ‘वापरून सैल होतील’ हे दुकानदाराचं वाक्य. पाय सैल होत नाहीत, घट्टे येतात.

हवाई चप्पल धरून ठेवायला बोटं सतत आवळावी लागतात. न्हाणीघरापुरती ठीक. सराफ्यात रात्री दोन-तीन तास उभं राहून खायचं असेल, किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्या पहाटेपर्यंत बघायच्या असतील, तर मागे पट्टा असलेलं काही घाला. टाचेचा उंचवटा २-३ सेंटिमीटर असला की बहुतेकांना चांगला. त्याहून उंच असेल तर भार चवड्यावर सरकतो, आणि रोज वापरल्यास पोटरी आखडत जाते.

सेफ्टी शूज कंपनी देईल तेच घालावे लागतात, पण आतला पातळ तळ बहुधा निघतो. तो काढून त्या जागी चांगला घाला. जुन्यावरच नवा चढवला तर टाच वर येते आणि पुढचा लोखंडी भाग बोटांना लागतो.

तयार इनसोल घ्यावेत की माप देऊन बनवलेले?

टाचदुखीसाठी आधी तयार घ्या. मापाचे बरेच महाग असतात आणि साध्या टाचदुखीत बहुतेकांना त्याहून जास्त फायदा देत नाहीत. पावलाचा आकार खरंच बिघडलेला असेल, मधुमेहाची जखम होऊन गेली असेल किंवा आतली कंडरा झिजली असेल, तिथे मापाचे हवेतच. पहिल्या दिवशी एक-दोन तास, मग रोज तासाभराने वाढवत न्या. दोन आठवड्यांनंतरही पायात दगड ठेवल्यासारखं वाटत असेल, तर ते तुमच्यासाठी नाहीत.

गुडघ्याची झीज असणाऱ्यांना बाहेरची कड उंच असलेले इनसोल विकले जातात. कागदावर ही कल्पना बरोबर दिसते, चाचण्यांत मात्र वेदना फारशी कमी झाली नाही. त्यापेक्षा दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात काठी धरा.

उज्जैनची पंचक्रोशी किंवा नर्मदा परिक्रमा करायची आहे. पायांची तयारी कशी?

पंचक्रोशी ११८ किलोमीटरची, तीही वैशाखाच्या उन्हात. दोन-तीन महिने आधी सुरू करा. आठवड्याचं एकूण अंतर दर आठवड्याला साधारण दहावा हिस्सा वाढवा आणि चौथ्या आठवड्याला थोडं कमी करा. शेवटच्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस लांब चालणं जमायला हवं, कारण पाय दुखतात ते दुसऱ्या दिवशी. नवे बूट घालून निघू नका, निदान १०० किलोमीटर चाललेला जोड हवा. फोड येण्याआधी त्वचा गरम लागते. तेव्हाच थांबून तिथे चिकटपट्टी लावा, आणि सुती मोजे ओले झाले की बदला. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर सकाळ-संध्याकाळीच चाला. दुपारच्या डांबराने तळव्याची कातडी भाजते.

ताबडतोब डॉक्टरकडे कधी जावं?

एकाच पोटरीत सूज, उष्णता आणि दुखणं, विशेषतः लांब प्रवास किंवा शस्त्रक्रियेनंतर: रक्ताची गुठळी असू शकते, चोळू नका. जोडीला धाप किंवा छातीत दुखत असेल तर थेट आपत्कालीन विभागात.

पोटरीमागे कुणी मारल्यासारखा फटका बसला आणि चवड्यावर उभं राहता येईना: टाचेची मोठी कंडरा तुटलेली असू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक औषधं चालू असताना तिथे दुखू लागलं, तर डॉक्टरांना लगेच सांगा.

पाऊल वर उचलता येत नाही, चालताना आपटतं. त्यातही लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा मांड्यांमधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी.

मधुमेह्याच्या पायाला कोणतीही जखम, अगदी चपलेचा फोडसुद्धा.

रात्रीतून अंगठ्याचा सांधा लाल होऊन फुगला आणि चादरीचा स्पर्शही सोसेना: बहुधा गाउट, पण ताप असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग नाही ना, हे लगेच बघावं लागतं.

ठराविक अंतर चाललं की पोटऱ्या दुखतात आणि थांबलं की दोन-पाच मिनिटांत जातं, हे तातडीचं नसलं तरी टाळू नका. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं ते लक्षण असू शकतं, आणि तंबाखू-बिडीवाल्यांत जास्त.

दाखवायचं कोणाला, आणि जाताना काय न्यायचं?

फक्त पावलांचे तज्ज्ञ आपल्याकडे फार थोडे आहेत. सुरुवात अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्यापासून करा. एमवाय रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. बधिरपणा किंवा आग मुख्य असेल तर आधी फिजिशियन.

रोजच्या वापरातला, झिजलेला जोड घेऊन जा. नवा घालून गेलात तर अर्धी माहिती घरी राहते. गुडघ्याच्या वर दुमडता येईल असा पायजमा किंवा सलवार घाला. चालू औषधांची यादी, शेवटची साखर आणि बी-१२ चा रिपोर्ट बरोबर असू द्या. कमान किंवा पावलाच्या सांध्यांसाठी एक्स-रे सांगितला तर तो उभं राहून काढायचा आहे का, हे विचारून घ्या; झोपून काढलेल्या फोटोत खचलेली कमानही बरी दिसते.